सावरदऱ्याचे रूळ

शिवडीच्या गोदामात फाटक्या गोण्या शिवायच्या कामावर राधाबाई लागली त्याला वर्ष होत आलं होतं, पण मागच्या पटांगणात तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. तिकडं जायचं पत्र्याचं फाटक कायम बंद असायचं. त्या दिवशी पुढचा नळ आटला म्हणून मुकादम भिवाने ते उघडून दिलं आणि म्हणाला, "बायांनो, तिकडं हौद हाय. पाणी घ्या, सावलीला जेवा. पन जपून, गवतात जनावर असतं."

आत एक जुनी चिंच होती. तिच्याखालचं गवत नुकतंच कापलं होतं, वेल ओढून काढले होते आणि लोखंडाचा एक भला मोठा ढीग उघडा पडला होता. बाकीच्या बाया हौदाकडे गेल्या. राधाबाई भाकरीचं फडकं सोडत सावलीला टेकली. समोर ढिगाला एक लांबट पाटी टेकवून ठेवलेली होती. पत्रा गंजून तांबडा झाला होता, पण काळी अक्षरं शाबूत होती.

राधाबाईला अक्षरं येऊ लागली होती ती अलीकडेच. आदल्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली, त्यानंतर वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांच्या मजल्यावर संध्याकाळचा वर्ग सुरू झाला आणि तिचा मुलगा शामराव तिला हाताला धरून तिथं बसवून आला. पंचेचाळिशीच्या बाईने पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं म्हणजे तिला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एकदा अक्षर ओळखू यायला लागल्यावर तिचा डोळा ऐकेना. दुकानांची नावं, ट्रामवरच्या जाहिराती, भिंतीभिंतीवर लिहिलेलं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', दिसेल ते ती ओठ हलवत वाचत सुटायची. त्याच सवयीने तिने ही पाटीही वाचायला घेतली.

सा. व. र. द. रा.

तिला वाटलं, आपण चुकलो. तिने बोट उचलून परत एकेक अक्षर लावलं. मग तिची नजर पाटीच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. तिथं पत्र्याला आत गेलेला पोचा होता. एका पोळ्याला उधळलेल्या बैलाने तिथं शिंग घातलं होतं, आणि तेव्हा ती त्याच पाटीखाली लेकीला कडेवर घेऊन उभी होती.

तिच्या हातातली भाकरी मातीत पडली. ती उठली आणि ढिगाभोवती फिरायला लागली. लाकडी पट्ट्यांचा बाक, दोन पट्ट्या गेलेल्या. कंदिलाचा खांब. पार्सलाचा वजनकाटा. पाण्याच्या टाकीचं झाकण. आणि त्या सगळ्याच्या खाली, एकावर एक रचलेले, पाचोळ्याने भरलेले, रूळ. लहान गाडीचे ते बारके रूळ. ती एका रुळावर हात ठेवून खालीच बसली. हे सगळं समुद्रापलीकडे असायला हवं होतं.

"राधाबाय, काय झालं?" भिवा जवळ आला. "ऊन लागलं काय?"

"हे हितं कवापासून हाय?" तिने विचारलं.

"हे? माझ्या आधीपासून. लढाईच्या टायमाचं भंगार हाय म्हणतात. आता शेठनं विकलं. आठवड्याभरात गॅसवाले येऊन तोडून नेतील."

सावरदरा म्हणजे घाटापलीकडच्या माळावरचं शे-सव्वाशे घरांचं गाव. तालुक्याहून निघून मोठ्या लाइनीला मिळणारी एका खासगी कंपनीची लहान गाडी तिथं दिवसातून दोनदा थांबायची. स्टेशन ते काय, तर एक कौलारू खोली, एक तिकिटाची खिडकी, एक बाक आणि पाण्याची टाकी. पण त्या स्टेशनाने गावाचा नूर पालटला होता. कांदा कुजायच्या आत बाजाराला जायला लागला. बाळंतीण अडली तर तालुक्याचा दवाखाना अर्ध्या तासावर आला. पोरं शाळा शिकायला सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने घरी यायला लागली.

महारवाड्याला तर त्याहून जास्त मिळालं. राधाबाईचा नवरा बुधाजी रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये लागला आणि वतनाच्या कामातून, दारोदारच्या भाकरीतून सुटला. तोवर त्यांच्या बाया ओढ्यात झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरायच्या. स्टेशनमास्तर कमलाकांत धैर्यवान हे गिरगावचे पाठारे प्रभू, वयाने चाळिशीकडचे, बोलायला मऊ. त्यांनी टाकीचा एक नळ भिंतीबाहेर काढला आणि सांगितलं, ज्याला पाहिजे त्याने भरावं. गावात कुरकुर झाली. मास्तर म्हणाले, "टाकी कंपनीची आहे. तक्रार कंपनीकडे करा." कुरकुर तिथंच थांबली. स्टेशनच्या बाकावरही कोणी कोणाला उठवायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. राधाबाई जन्मात पहिल्यांदा लोकांदेखत बाकावर बसली ती तिथं.

मग महायुद्ध आलं. बेचाळीसच्या उन्हाळ्याच्या तोंडाला कंपनीचा साहेब आला आणि म्हणाला, इराकात, बसऱ्याच्या वाळवंटात सरकारला रूळ हवे आहेत, सैन्याला दारूगोळा न्यायचा आहे, जखमींना औषधं न्यायची आहेत. लाइन उखडायची. लढाई संपली की नवी घालून देऊ. गावाला हे मराठीत समजावून सांगायचं काम मास्तरांवर आलं. त्यांनी फलाटावर उभं राहून सांगितलं, "आपले रूळ जग वाचवायला चालले आहेत. ते परत येतील, माझा शब्द आहे." शेवटच्या गाडीला बायांनी हळदकुंकू लावलं, इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या. दुसऱ्या दिवसापासून बुधाजीच्या गँगने, ज्यांनी ते रूळ वर्षानुवर्षं जपले होते त्याच हातांनी, ते खणून काढले.

त्याच श्रावणात कौशीला घटसर्प झाला. ती बुधाजी-राधाबाईची थोरली, सात वर्षांची. गळा सुजून बंद होत आला होता. गाडी असती तर सकाळी बसून दवाखाना उघडायच्या आत पोचले असते. बैलगाडी पाटलाने दिली, पण वाटेत ओढ्याला पाणी होतं. ते उतरेपर्यंत दुपार झाली. पलीकडच्या काठावर गाडी चढत असताना कौशीने आईच्या पदराची मूठ सोडली.

पुढल्या वर्षी शामरावला घेऊन दोघं मुंबईला आले. बुधाजी बंदरात हमाली करायला लागला. लढाई संपल्यावर कंपनीने कळवलं की परदेशी गेलेलं सामान परत आणता येत नाही, लाइन कायमची बंद. तेव्हापासून बुधाजीने एक बोलणं लावून धरलं होतं. चाळीच्या गॅलरीत कोणी विषय काढला की तो म्हणायचा, "माझे रूळ बसऱ्यात हायत. त्यावरनं दवाखान्याची गाडी जाते." आणि ते ऐकताना राधाबाईला वाटायचं, माझ्या कौशीला मिळालं नाही ते कुणाच्या तरी लेकराला मिळालं. एवढ्या एका गोष्टीच्या टेकूवर तिने इतकी वर्षं काढली होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बुधाजी गॅलरीत विडी ओढत बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिची जीभच उचलेना. ह्याला हे कळलं तर हा मरेल, असं तिला वाटलं. तिने मुकाट्याने स्टो पेटवला. शामराव गिरणीतून आला, जेवताना निवडणुकीचं, समितीच्या विजयाचं भरभरून बोलत राहिला. ती हुंकारसुद्धा देईना.

"आई, बरं नाही काय?" त्याने विचारलं.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

रविवारी तिने लालबागहून ट्राम धरली आणि गिरगावात मुगभाटातलं मास्तरांचं घर गाठलं. लाइन गेल्यावर मास्तर मुंबईला दुसऱ्या कचेरीत लागले होते, आता निवृत्त होऊन घरी होते. दार त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाईंनी उघडलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "राधा ना तू? कौशीची आई?" इतक्या वर्षांत परक्या तोंडातून ते नाव राधाबाईने ऐकलं नव्हतं. तिला दारातच रडू फुटलं.

चहा पुढे आला. तिने सांगितलं. मास्तरांनी मान हलवली.

"राधाबाई, तसे बारके रूळ पुष्कळ लाइनींना होते. दुसरे कुठले असतील."

"पाटी हाय मास्तर. मी वाचली. सावरदरा."

"तू वाचलीस?"

"व्हय. मला येतं आता."

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर रस्त्यावरून पोरांची कसली तरी फेरी घोषणा देत चालली होती. ती लांब जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग वळून म्हणाले, "उद्या मी येतो. मला दाखव."

ते आले ते कोट-टोपी घालून, जणू ड्यूटीवर. भिवाने त्यांना अडवलं नाही. चिंचेखाली पोचल्यावर मास्तर आधी पाटीपाशी गेले नाहीत, वजनकाट्यापाशी गेले. वाकून त्याची बाजू रुमालाने पुसली आणि तिथं खोदलेला कंपनीचा शिक्का पाहिला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग त्या दोन पट्ट्या गेलेल्या बाकावर ते बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत.

गोदामाचा कारकून रमाकांत पुढच्या खोलीत बसत असे. मास्तरांनी त्याला अदबीने विचारलं, हे सामान इथं कसं. तरुण माणूस होता, स्वभावाने वाईट नव्हता. म्हणाला, "आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे. बेचाळीसमध्ये जहाजात चढवायला आणलं होतं. जहाज आलंच नाही. दुसरं येणार म्हणून ठेवलं. मग चव्वेचाळीसला गोदीत तो स्फोट झाला, त्यात त्या कचेरीचे कागदच जळाले. नंतर कोणी विचारायलाच आलं नाही."

"कंपनी?"

"कंपनीला सरकारकडून भरपाई मिळाली असेल की. तिने गाशा गुंडाळला. मग हे भंगार शेठकडेच राहिलं."

"म्हणजे हे बसऱ्याला गेलंच नाही."

"बसऱ्याला?" रमाकांत हसला, पण मास्तरांचा चेहरा पाहून गप्प झाला. "नाही हो काका. इथून फर्लांगभरसुद्धा हललेलं नाही."

राधाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला वाटत होतं की कोणीतरी चोर असेल, कोणीतरी पैसे खाल्ले असतील, एक नाव कळेल आणि त्या नावाला शिव्या देता येतील. इथं तर कोणीच नव्हतं. जहाज आलं नाही, कागद जळाले, कोणी विचारलं नाही. ज्या दिवशी ओढ्याच्या काठावर कौशीने तिचा पदर सोडला, त्या दिवशी हे रूळ ह्या चिंचेखाली नुसते पडून होते. त्यांचा कोणाला उपयोग झाला नव्हता. एका शिपायालासुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "मी शब्द दिला होता गावाला." एवढंच. थोड्या वेळाने म्हणाले, "बुधाजीला सांगायला हवं."

"नको मास्तर. त्येला झेपायचं न्हाई."

"त्याचे रूळ आहेत ते. त्याला कळायलाच हवं. तू सांगतेस का मी येऊ?"

ती म्हणाली, मीच सांगते.

त्या संध्याकाळी शामराव सभेला गेला होता. बुधाजी पायाला तेल चोळत बसला होता. राधाबाई त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसली. कसं सुरू करावं ते तिला सुचेना, म्हणून ती सरळच म्हणाली, "शिवडीला आमच्या गोदामाच्या मागं आपलं स्टेशन पडलंय. रूळ, बाक, पाटी, सगळं. बसऱ्याला काय गेलं न्हाई. मास्तरांनी बी बघितलं."

तिला वाटलं, हा ओरडेल, नाहीतर म्हणेल वेड लागलं काय. बुधाजीचा तेलाचा हात थांबला. तो खाली पाहत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "चिंचंखालीच हायत काय अजून?"

चिंचेचं नाव राधाबाईने काढलं नव्हतं.

शेजारच्या खोलीत कोणीतरी पितळी भांडी घासत होतं, तो आवाज भिंतीतून येत राहिला.

"तुमाला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"गोदीत स्फोट झाला तवा राडारोडा उपसायला आमाला नेलं हुतं," बुधाजी मान वर न करता बोलायला लागला. "त्यो टाकायला शिवडीला गेलो तवा चिंचंखाली बघितले. आदी मला आनंदच झाला. म्हटलं, गेले न्हाईत तर परत जातील. तुला लढाई संपल्यावर सांगनार हुतो, म्हटलं एकदम गाडीतनंच गावाला नेतो. मग कंपनीनं कळवलं, परदेशी गेलं, संपलं. मी परत जाऊन बघितलं, तितंच पडलेले. मी फोर्टात कंपनीच्या हापिसात गेलो. बाबूला म्हटलं, सायेब, रूळ शिवडीला हायत, चला दावतो. त्यो म्हनला, तू कोन? म्या सांगितलं, गँगमन. म्हनला, नोकरी सुटली ना तुजी? मग तुजा काय संबंध. शिपायानं दंडाला धरून भाईर काढलं."

"आन मग बसऱ्याची गोष्ट रचली."

"रचली न्हाई. सायबानं सांगितली हुती तीच धरून ठेवली." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तू रातची रडत हुतीस. म्या बसऱ्याचं बोललो की निजायचीस. मग म्या बोलत ऱ्हायलो."

त्याला वाटलं असेल की हे ऐकून तिला पाझर फुटेल. तसं काही झालं नाही. राधाबाईला असला संताप आला की तो तिलाच ओळखू येईना.

"माजं लेकरू फुकट गेलं, आन तुमी मला त्ये कळू दिलं न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी त्या मेल्या लढाईला दुवा देत ऱ्हायले. कोनाच्या तरी लेकराला औषध मिळत आसंल म्हनून मी देवापुढं हात जोडले, आन देव काढून टाकले तवा बुद्धापुढं बी जोडले. कोनावर चिडायचं त्ये बी मला तुमी ठेवलं न्हाई."

ती उठली, चटई घेऊन शेजारच्या कमलाबाईकडे गेली आणि तिथंच झोपली.

दोन-तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. शामरावला तिनेच सगळं सांगितलं. तो ऐकून सुन्न झाला. कौशीच्या वेळी तो जेमतेम तीन वर्षांचा होता, बहीण त्याला आठवतसुद्धा नव्हती, पण बसऱ्याच्या रुळांच्या गोष्टीवर तो लहानाचा मोठा झाला होता. रात्रपाळीला जाताना तो बापाच्या पुढ्यात थांबला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि तसाच निघून गेला.

शिवडीला गॅसवाले आले. राधाबाई गोण्या शिवत बसली होती तिथं निळ्या ज्योतीचा फरफर आवाज येत होता आणि मधूनच तुकडा खाली पडल्याचा दणका. दर दणक्याला तिचं दाभण चुकायचं. भिवा म्हणाला, "घरी जा बाई, आजचा खाडा नाही लावत." ती म्हणाली, "न्हाई. बघू दे मला."

सावरदरा ग्रामस्थ मंडळाची सभा त्याच आठवड्यात लालबागला एका गाळ्यात होती. दरवर्षी चैत्रात ही सभा भरायची आणि दरवर्षी त्यात एकच मोठा ठराव व्हायचा, आमची गाडी परत सुरू करा. यंदा उत्साह वेगळाच होता. समितीचे उमेदवार निवडून आले होते, महाराष्ट्र होणार, मग आपली गाडीही येणार, असं सगळे धरून चालले होते. निवडणुकीत महारवाडा आणि गाव खांद्याला खांदा लावून फिरले होते, म्हणून बौद्ध मंडळींनाही या वर्षी पहिल्यांदाच रीतसर आमंत्रण होतं. नव्या आमदाराला द्यायच्या निवेदनावर बुधाजीचा अंगठा पहिला घ्यायचा, कारण रूळ त्याने काढले होते, असं अध्यक्ष दत्तारामने मुद्दाम निरोपात कळवलं होतं.

राधाबाई सकाळी बुधाजीला म्हणाली, "सभेत तुमी सांगायचं." इतक्या दिवसांत तिने त्याला उद्देशून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं.

"लोकं काय म्हनतील?"

"म्हनू देत. माजं एकलीचं मानूस गेलं न्हाई त्या वाटंवर. सगळ्यांना कळू दे."

गाळा माणसांनी भरला होता. मास्तर आले होते, मागे खांबाला टेकून उभे होते. दत्ताराम हा गावातला मराठा, एका गिरणीत जॉबर, भारदस्त माणूस. त्याने भाषण केलं, निवेदन वाचलं, टाळ्या पडल्या. मग त्याने शाईची डबी पुढे केली. "या, बुधाजीराव."

बुधाजी उठला. डबीपाशी गेला नाही. जागेवरच उभा राहिला आणि बोलायला लागला. आधी आवाज कोणाला ऐकू येईना, म्हणून लोक गप्प झाले. मग सगळ्यांना ऐकू आलं. शिवडी. चिंच. स्फोट. कंपनीचा बाबू. गॅसवाले.

कोपऱ्यात पंख्याची पाती फिरत होती. मग पुढच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "काय पण सांगताय बाबा. आम्ही दरवर्षी अर्ज काय उगाच करतो?"

मागून मास्तर पुढे आले. त्यांनी हात जोडले. "मी स्वतः पाहिलं आहे," ते म्हणाले. "मी फलाटावर उभा राहून तुम्हाला शब्द दिला होता. तो शब्द देताना मी खोटं बोलत नव्हतो. पण ते खोटं निघालं."

दत्तारामच्या हातात शाईची डबी तशीच होती. तो म्हणाला, "आजपर्यंत बोलला का नाहीस रे?" त्या 'रे'मध्ये जुना गाव होता. शामराव उठायला लागला, राधाबाईने त्याचा हात धरून बसवला.

"बोललो हुतो," बुधाजी म्हणाला. "ज्याला बोललो त्याने ईचारलं, तू कोन."

दत्तारामने मान खाली घातली.

बायांच्या बाजूला गंगुबाई म्हणून एक म्हातारी बसली होती, गावच्या सुताराची विधवा. ती कोणालाच उद्देशून बोलली नाही. "माझा भाऊ त्या पावसात पायी निघाला हुता. टायफाईड झालेला. ओढ्यातनं पलीकडं गेलाच नाही. मी म्हनत हुते, लढाईनं नेला." ती इकडेतिकडे पाहायला लागली, जणू कोणीतरी सांगेल की मग कोणी नेला. मग दुसऱ्या कोणीतरी बाळंतपणात गेलेल्या सुनेचं सांगितलं. एकाचा शाळा सुटलेला मुलगा त्याच्या शेजारीच बसला होता, आता हमाली करणारा, त्याच्याकडे बाप नुसता पाहत राहिला. गाळ्यातला प्रत्येक जण त्या वर्षांतून परत चालत होता आणि प्रत्येकाला आपापला ओढा लागत होता. ज्यांची नावं इतके दिवस युद्धाच्या खात्यावर होती, ती सगळी एकदम उघड्यावर आली.

निवेदन तसंच राहिलं. दत्तारामने ते घडी करून खिशात घातलं आणि सभा संपल्याचं सांगायचंही विसरला. लोक बसूनच होते.

चिंचेखाली काय उरलंय ते पाहायला काही जण दुसऱ्या दिवशी शिवडीला गेले. तोवर ट्रक भरून निघाले होते. पाटी कोणीतरी आधीच भंगारात टाकली होती. जमिनीवर रुळांच्या आकाराचे पांढुरके पट्टे राहिले होते, तिथं गवत उगवलं नव्हतं.

गावाकडे दत्ताराम स्वतः जाऊन सांगून आला. इतकी वर्षं लाइनीची जमीन कोणी नांगरली नव्हती. गाडी येईल म्हणून स्टेशनच्या खोलीवर दर उन्हाळ्यात कौलं शाकारली जायची. त्या वर्षी शाकारली नाहीत. पुढच्या पेरणीला काहींनी लाइनीच्या पट्ट्यात बाजरी टाकली. महारवाड्याने तालुक्याला अर्ज केला आणि बऱ्याच खेपा घालून स्टेशनच्या टाकीजवळ विहीर खणून घेतली. महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागला रोषणाई होती, सावरदऱ्याचे लोकही त्यात नाचले. गाडीचं नाव कोणी काढलं नाही. त्यानंतर केव्हातरी गावाला एसटी सुरू झाली.

पण सभेच्या त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. शामराव मंडळींबरोबर मागे थांबला. बुधाजी आणि राधाबाई लालबागहून वरळीला पायीच निघाले. परळच्या नाक्यापर्यंत दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालत होते. मग राधाबाईने विचारलं, "मला तवा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, आसं वाटलं तुमाला?"

बुधाजीने विचार केला. "तू रोज शिवडीला गेली असतीस. दगडं मारत बसली असतीस त्या लोखंडाला."

"मारली असती," राधाबाई म्हणाली. "दोघांनी मारली असती."

बुधाजी थांबला. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि पागोट्याचा शेव तोंडात धरून रडायला लागला. कौशी गेली तेव्हा तो रडला नव्हता, ओढ्याच्या काठावर बैलांचे कासरे धरून नुसता उभा होता. जाणारे-येणारे वळून पाहायला लागले. राधाबाई त्याच्या शेजारी बसली. तिचा राग गेला नव्हता, पुढेही पुष्कळ दिवस गेला नाही. पण ती तिथून उठली नाही.

"तिला कुंकवाच्या टिकलीएवढा तीळ हुता," थोड्या वेळाने बुधाजी म्हणाला. "कुठं त्ये आठवना झालंय."

"मानंवर. डाव्या अंगाला," राधाबाई म्हणाली, आणि हात लावून जागा दाखवली.